दगड उकळू नका, आधी आगंतुक ओळखा

प्रश्न: मी भुसावळला राहतो. बरीच वर्षे गोड्या पाण्यातले मासे पाळल्यावर गेल्या दिवाळीत चार फुटांची, सुमारे 300 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातले जिवाणू आणि बारीक जीव वसलेले दगड, पाठवले. त्यातल्या दोन दगडांवर हिरवट-तपकिरी बटण पॉलिपही (बटणासारखे दिसणारे छोटे प्रवाळ) आहेत. आता त्या दगडांतून नाना प्रकारचे जीव बाहेर पडू लागले आहेत. रात्री दोन्ही बाजूंना पांढरे केस असलेले गुलाबी किडे दिसतात. दगडांवर काचेसारखी पारदर्शक, तपकिरी छटेची फुले वाढत आहेत आणि काचेवर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारतात. पहाटे आणि संध्याकाळी दिवे मंद झाले की टाकीतून ‘टक्’ असा आवाज येतो. दोन गोगलगायींचे फुटलेले शंख मिळाले. फायरफिश मासा दिसेनासा झाला आणि डॅमसेल मासा मेलेला सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर तेच केसाळ किडे होते, म्हणून हे सारे त्यांचेच काम असावे असे मला वाटते. उन्हाळ्यात दुपारी पाणी 31 अंशांपर्यंत जाते. एक मित्र म्हणतो, सगळे दगड उकळून काढ. कृषी सेवा केंद्र चालवणारा दुसरा मित्र म्हणतो, कपाशीवरच्या तुडतुड्यांचे औषध दोन थेंब टाक. काय करावे? आणि पुढच्या वेळी कोकणातून स्वतःच दगड वेचून आणले तर चालेल का?

उत्तर: सर्वांत आधी दोन्ही मित्रांचे सल्ले बाजूला ठेवा. औषधाने टाकी उजाड होईल, पण दगड उकळल्याने तुमच्या घरातली माणसे रुग्णालयात जाऊ शकतात, म्हणून सुरुवात उकळण्यापासून करतो.

तुमच्या दगडांवर बटण पॉलिप आहेत. या गटातल्या प्रवाळांमध्ये, विशेषतः ‘पॅलिथोआ’ या प्रजातीत, पॅलिटॉक्सिन नावाचे विष असू शकते. 1971 मध्ये हवाई बेटांवरच्या अशाच प्रवाळापासून ते प्रथम वेगळे करण्यात आले आणि आजही ते निसर्गातल्या अतिशय जहाल विषांमध्ये गणले जाते. असा दगड उकळला, गरम पाण्याने धुतला किंवा ब्रशने खसाखसा घासला, तर हे विष वाफेतून आणि तुषारांतून हवेत पसरते. ताप, धाप लागणे, तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव येणे, अंग मोडून येणे अशी लक्षणे काही तासांत दिसू लागतात आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. केवळ त्याच खोलीत असल्यामुळे घरातल्या अनेकांना बाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा लाइव्ह रॉक कधीही गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात घालू नये. ते दगड हाताळताना लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या कोणाला सांगावे. चुकून असा प्रकार घडलाच, तर खिडक्या उघडून सर्वांनी खोलीबाहेर पडावे, त्वरित रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगावा, कारण समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात तो त्यांच्या मनात आपण होऊन येण्याचे कारण नाही.

कृषी सेवा केंद्रातल्या मित्राचा सल्ला अगदीच हवेतला नाही, हे मान्य केले पाहिजे. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड परदेशातले काही छंदी नवीन प्रवाळ टाकीत सोडण्यापूर्वी बाहेरच्या वेगळ्या भांड्यात बुडवण्यासाठी वापरतात, आणि बहुधा तेच त्यांच्या वाचनात आले असावे. मात्र भांड्यात बुडवून, नीट धुऊन घेणे निराळे आणि 300 लिटरच्या चालू टाकीत औषध ओतणे निराळे. हे औषध कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करते, आणि कोळंबी, खेकडे व काचेवर उड्या मारणारे ते बारीक ठिपके हे सारे कीटकांप्रमाणेच संधिपाद असल्यामुळे तेही त्याच तडाख्यात सापडतात. दगडांच्या आत शेकडो जीव एकाच रात्री मेले तर ते कुजून अमोनिया झपाट्याने चढेल, आणि उरलेसुरले मासे औषधाने नाही तरी त्या अमोनियाने जातील. तांब्याचे औषधही याच कारणासाठी मुख्य टाकीत वापरू नये. शिवाय तांबे दगडांत आणि वाळूत मुरून राहते.

आता तुमच्या तक्रारींकडे वळू. तुम्ही मेलेला मासा, नाहीसा झालेला मासा, फुटलेले शंख आणि तो आवाज हे सारे केसाळ किड्यांच्या माथी मारले आहे. माझ्या मते यांतली एकही गोष्ट त्यांनी केलेली नाही.

हे किडे म्हणजे ब्रिसल वर्म. गुलाबी किंवा करड्या रंगाचे, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेले, दिवसा दगडाच्या फटीत दडणारे आणि रात्री खरकटे शोधत फिरणारे हे प्राणी टाकीतले सफाई कामगार आहेत. तळाशी पडलेले अन्न, माशांची विष्ठा, कुजणारे शेवाळ आणि मेलेले जीव हे त्यांचे खाद्य. मेलेल्या डॅमसेलवर ते दिसले, कारण तो आधीच मेला होता. धडधाकट मासा पकडण्याची त्यांच्यात ताकद नसते. डॅमसेल कशाने गेला हे पाहायचे असेल तर तुमच्याच पत्रातल्या 31 अंशांकडे पाहा. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्यातच भारनियमनामुळे पंप तासभर बंद पडला, तर रात्रीच्या वेळी टाकीतला प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासून घ्या. दोन्ही शून्य असले पाहिजेत. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. फायरफिशची चौकशी टाकीत करण्यापूर्वी टाकीच्या मागे, सम्पमध्ये (पाणी गाळण्यासाठी जोडलेल्या वेगळ्या टाकीत) आणि स्टँडखाली करा. हा मासा उडी मारण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि झाकण नसलेल्या टाकीतून तो ‘गायब’ होतो तेव्हा बहुतेक वेळा भिंतीच्या कडेला वाळलेला सापडतो.

किड्यांची संख्या मात्र तुमच्याविषयी काही सांगते. ती अन्नाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्यांना वेचत बसण्यापेक्षा खाद्य कमी करा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच द्या आणि गोठवलेल्या खाद्याचे पाणी टाकीत न ओतता फेकून द्या. काही आठवड्यांत त्यांची संख्या आपोआप उतरते. वेचायचेच असतील तर लांब चिमट्याने वेचा, उघड्या हाताने कदापि नाही, कारण ते केस खाजकुयलीसारखे कातडीत रुततात आणि दोन दिवस आग होत राहते. रुतलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढा. या जमातीत खरोखर उपद्रवी प्राणी आहेत, पण ते ओळखू येतात. डोक्यावर पाच स्पष्ट मिशा असलेला, इंद्रधनुषी चकाकी असलेला, अंगावर केसांचे दाट झुपके नसलेला आणि बिळातून अर्धे अंग बाहेर काढून झडप घालणारा लांबलचक किडा दिसला, तर तो युनिसिड गटातला समजावा आणि तो ज्या दगडात आहे तो दगडच बाहेर काढावा. तुमच्या वर्णनात असा कोणी नाही.

शंख फोडणारा आणि टक् आवाज करणारा मात्र वेगळा आहे, आणि त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

असा आवाज करणारे मुख्यतः दोघे. एक पिस्टल श्रिम्प, ही छोटी कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते, ती झटक्यात मिटली की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि आवाज होतो. ती बहुतेक टाक्यांत निरुपद्रवी असते, कित्येक जण तर तिला गोबी माशासोबत मुद्दाम पाळतात. दुसरा मँटिस श्रिम्प, हा कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी. याच्या पुढच्या गदेसारख्या अवयवाचा घाव इतका वेगवान असतो की एका जातीत तो सेकंदाला सुमारे 23 मीटर मोजला गेला आहे. (हीटरचा थर्मोस्टॅटही टक् करतो, पण खान्देशात उन्हाळ्यात हीटर चालू होण्याची शक्यता नाही, तेव्हा तो संशय सोडून देऊ.) निर्णायक पुरावा तुमच्याकडेच आहे. ते फुटलेले शंख हातात घेऊन पाहा. तोंडाकडची कड कुरतडत, तुकडे पाडत आत शिरल्यासारखी दिसत असेल तर खेकड्याचा संशय घ्यावा. मधोमध, जाड भागात ठोसा मारल्यासारखे भोक असेल तर मँटिस. तसेच कोणत्या दगडापाशी शंखांचे तुकडे साचले आहेत ते पाहा, कारण हा प्राणी आपल्या बिळाच्या तोंडाशीच जेवतो आणि उष्टे तिथेच टाकतो.

खात्री करण्यासाठी टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा. समुद्रातल्या पुष्कळशा जीवांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पहाटे, टाकीचे दिवे लागण्यापूर्वी अर्धा तास शांत बसून बिळांच्या तोंडाशी पाहा. देठावरचे दोन डोळे एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरत असतील, तर पुढे शंकेला जागा उरत नाही.

त्याला पकडण्याचे काम दिवसा करा. दगड ओळखून, हातमोजे व चष्मा घालून तो पाण्याबाहेर काढा आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीवर धरा. बिळाचे तोंड खाली येईल असे धरून दुसऱ्या बाजूच्या छिद्रांतून सिरिंजने साधा सोडावॉटर सोडला, की तो प्राणी बहुधा बादलीत पडतो. साधा म्हणजे साखर किंवा लिंबू नसलेला. लगेच बाहेर न आल्यास दगड बादलीतच ठेवून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ज्या दगडांवर बटण पॉलिप आहेत त्यांपैकीच हा दगड असेल, तर पॉलिपवर सोडा उडू देऊ नका आणि दगड आपटू तर मुळीच नका. प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे बसवून, आत कोळंबीचा तुकडा ठेवून सापळाही करता येतो, परंतु मँटिस हुशार असतो आणि पुष्कळदा आमिष घेऊन निघून जातो. बोट मात्र बिळाजवळ नेऊ नका. इंग्रजी बोलणाऱ्या कोळ्यांनी त्याला ‘अंगठा चिरणारा’ म्हटले आहे ते उगाच नव्हे. लाइव्ह रॉकमधून येणारा लहानसा मँटिस टाकीची जाड काच फोडेल ही भीती मात्र बहुधा अनाठायी आहे. पकडलेला प्राणी छोट्या वेगळ्या टाकीत सहज जगतो आणि पाहायला विलक्षण असतो. ठेवायचा नसेल तर ज्याला हवा आहे अशा छंदी माणसाला द्यावा. तापीत सोडला तर तो गोड्या पाण्यात तडफडून मरेल, आणि मुंबईला नेऊन समुद्रात सोडणेही योग्य नाही, कारण टाकीत निरनिराळ्या समुद्रांतले जीव आणि त्यांचे रोग एकत्र आलेले असतात.

पाहणीत मँटिसऐवजी केसाळ पायांचा, काळ्या टोकाच्या नांग्यांचा खेकडा निघाला तर त्याला सम्पमध्ये हलवा, तिथे तो सुखाने राहील. पंख्यासारख्या अवयवांनी पाणी गाळत बसणारे चिमुकले पोर्सिलेन खेकडे आणि प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे ठिपकेदार रखवालदार खेकडे यांना हात लावू नये.

काचेवरचे उड्या मारणारे ठिपके म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटातले चिमुकले जीव, कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड आहेत. ते माशांचे जिवंत खाद्य आहेत आणि त्यांचे असणे हे टाकी बरी चालल्याचे चिन्ह आहे. असमान हातांचे नखाएवढे तारामासे, फटींतून हात हलवणारे बारीक ब्रिटल स्टार (तारामाशासारखे, सडपातळ हातांचे प्राणी), दगडाला चिकटलेल्या पांढऱ्या सूक्ष्म नळ्या हे पुढेमागे दिसले तर त्यांनाही राहू द्यावे. तारामासा बटण पॉलिपवर बसून ते मिटलेले आणि झिजलेले दिसू लागले तरच तो काढावा.

उरली ती काचेसारखी फुले. ती एप्टेशिया, म्हणजे फुलासारखा दिसणारा, दंश करणारा प्राणी (सी अॅनिमोन), आणि तुमच्या टाकीतली दीर्घकाळची डोकेदुखी ही आहे. तिचे दंश शेजारच्या प्रवाळांना मागे हटवतात. तिला चिमट्याने ओढण्याचा, खरवडण्याचा किंवा कापण्याचा मोह टाळा. तिच्या बुंध्याचा मागे राहिलेला बारीकसा तुकडाही नवी एप्टेशिया होऊन वाढतो, त्यामुळे एका चिडलेल्या रविवारी खरवडलेल्या पाच फुलांची महिन्याभरात पंचवीस झालेली दिसतात.

तिच्यावर घरगुती आणि भरवशाचा उपाय चुन्याचा आहे, पण चुना कोणता ते नीट वाचा. हवा तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, आणि तोही खाद्यदर्जाचा किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध. पानपट्टीवरच्या पुडीत आणखी काय मिसळले आहे याची शाश्वती नसते. कळीचा चुना तर आणूच नका. तो पाण्यात पडताच उकळ्या फोडतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. थोडा शुद्ध चुना आरओच्या पाण्यात कालवून, सिरिंजच्या तोंडातून जेमतेम उतरेल इतका घट्ट करा. वेव्हमेकर (टाकीत लाटा निर्माण करणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी टाकीत परत आणणारा) बंद करा. सिरिंजला लांब नळी लावून ती हळूहळू फुलाजवळ न्या. पाणी हलले की एप्टेशिया झर्रकन फटीत शिरते आणि मग तुमची वेळ गेली. ती उघडी असताना तिच्या मधल्या तोंडावर चुन्याचा थेंब पडला, की ती आक्रसते, आणि ती आक्रसत असतानाच तिच्यावर संपूर्ण थर बसेल इतका चुना सोडायचा. पंधरा-वीस मिनिटे पंप बंदच ठेवावेत. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, म्हणून एका दिवसात चार-पाचांहून अधिक फुलांवर चुना टाकू नका आणि पीएच मोजत चला. आठवड्याने त्याच जागा पुन्हा पाहा, तिथे पिले उगवलेली असू शकतात.

एप्टेशिया खाणारे प्राणीही आहेत, आणि दुकानदार तुम्हाला सर्वांत आधी पेपरमिंट श्रिम्प ही कोळंबी सुचवेल. मँटिस पकडला जाण्यापूर्वी ती आणली तर ती त्याचे जेवण होईल, तेव्हा हा क्रम पाळा. घेतानाही नीट पाहून घ्या. तिच्या नावाखाली कॅमल श्रिम्प गळ्यात मारली जाते. पाठीवर उंच कुबड, अंगावर ठळक पांढऱ्या रेघा आणि वरखाली हलणारी चोच दिसली तर ती कॅमल, आणि ती तुमचे बटण पॉलिपच कुरतडेल. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय केवळ एप्टेशियावरच जगते, त्यामुळे ती सर्वांत नेमका उपाय आहे, परंतु ती नाजूक असते. उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, मुंबईहून रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सने ती मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. थंडीपर्यंत थांबा.

तापमानावरही तातडीने काम करा. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) महाग वाटत असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असे छोटे पंखे लावा. आपल्याकडची कोरडी हवा इथे उपयोगी पडते, आणि बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. मात्र उडून जाते ते केवळ पाणी. मीठ टाकीतच राहते, म्हणून रोजची घट आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. बोअरचे पाणी यासाठी वापरू नका. पाण्याची सापेक्ष घनता 1.025च्या आसपास स्थिर राहिली पाहिजे.

शेवटी कोकणातल्या दगडांविषयी. आणू नका. कठीण प्रवाळांसह प्रवाळांचे अनेक गट 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. किनाऱ्यावरचा मेलेला वाटणारा दगडही प्रवाळाचाच सांगाडा असू शकतो. मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईच्या त्या ओळखीच्या गृहस्थांनाही दगड कुठून आले, त्याची कागदपत्रे आहेत का, हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आले तर पुढची खरेदी त्यांच्याकडून करू नका. यापुढे दगड हवे असतील तर कोरडे दगड किंवा सिरॅमिकचे बनवलेले दगड घ्या. त्यांत आगंतुक नसतात. बाटलीतले जिवाणू घालून टाकी परिपक्व व्हायला चार ते सहा आठवडे किंवा अधिक लागतात आणि मधल्या काळात तपकिरी शेवाळ येते, ते पुसत राहावे. प्रवाळ विकत घ्याल ते मात्र थेट टाकीत सोडू नका. वेगळ्या 30-40 लिटरच्या टाकीत महिनाभर ठेवा, आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढा, आणि ती बुडवणी आठवड्याच्या अंतराने पुन्हा करा, कारण किडे मरतात पण त्यांची अंडी त्यातून वाचतात. प्रवाळाखालचा प्लग (प्रवाळ ज्यावर चिकटवून विकतात तो छोटा तुकडा) काढून टाकला तर निम्म्याहून अधिक अंडी आणि एप्टेशिया त्याच्यासोबतच जातात, असा माझा अनुभव आहे.